घरी सांगितलं नोकरी लागली, खरं तर तुरुंगात होता : ज्याच्या नावावरून ‘पॉन्झी स्कीम’ आली त्याची गोष्ट

सकाळी बोईसर स्टेशनला उतरलात तर गर्दी कुठे चाललीय ते विचारावं लागत नाही. निम्मी माणसं तारापूर एमआयडीसीच्या रिक्षा पकडत असतात. कुणी जव्हार-विक्रमगडचा, कुणी खान्देशातला, कुणी यूपी-बिहार-ओडिशाचा. औषधं, रसायनं, कापड, स्टील असे हरतऱ्हेचे कारखाने इथं आहेत. पलीकडे १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र आहे.

अशा गावात नवीन आलेल्या पोराला काम कसं मिळतं? बऱ्याचदा ओळखीनं. गाववाला कंत्राटदाराकडं शब्द टाकतो आणि पोरगं हेल्पर म्हणून लागतं.

आणि याच ओळखीच्या वाटेनं दुसरा एक फोनही येतो.

ऑफिसचं काम आहे, शिक्षणाची अट नाही, महिन्याला वीस-पंचवीस हजार सुटतील, राहायची सोय आहे, ये लवकर. फोन करणारा शाळेतला मित्र असतो, नाहीतर मावसभाऊ. पोरगं बॅग भरून पालघरला किंवा बोईसरला येतं. तिथं एका हॉलमध्ये टाय लावलेली पोरं टाळ्या वाजवत असतात. एकजण स्टेजवरून आपण बुलेट कशी घेतली ते सांगतो. मग कळतं की आधी काही हजार भरून किट घ्यायचंय. त्यानंतर कोरा कागद पुढं येतो आणि त्यावर ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहायला सांगतात.

हा खेळ नवा वाटत असेल, पण त्याचा पाया शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. ज्या माणसामुळे तो जगभर बदनाम झाला, तो स्वतःही असाच घर सोडून परमुलखात काम शोधत आलेला पोरगा होता. त्याचं नाव चार्ल्स पॉन्झी.

खिशात अडीच डॉलर

पॉन्झीचा जन्म ३ मार्च १८८२ चा, इटलीतल्या लुगो गावचा. मूळ नाव कार्लो. घरानं शिकायला रोमला पाठवलं, पण त्यानं पैसे उडवले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. मग त्या काळचे हजारो इटालियन करत होते तेच त्यानं केलं. त्यानं अमेरिकेचं जहाज पकडलं.

नोव्हेंबर १९०३ मध्ये तो बोस्टनला उतरला. बरोबर आणलेले पैसे प्रवासात जुगारात गेले होते. खिशात उरले होते जेमतेम अडीच डॉलर.

पुढची काही वर्षं त्यानं मिळेल ते काम केलं. हॉटेलात भांडी घासली, मग वेटर झाला. पण गिऱ्हाइकांना सुट्टे कमी दिल्याबद्दल तिथून हाकलला गेला.

१९०७ मध्ये तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेला आणि झारोसी नावाच्या बँकेत कामाला लागला. पॉन्झी पुढं जे काही झाला, त्याची शाळा म्हणजे ही बँक. मालक इटालियन आणि खातेदारही इटालियन मजूर. बाकीच्या बँकांच्या दुप्पट, म्हणजे ६ टक्के व्याज मिळायचं. आपल्या भाषेत बोलणारा, आपल्याकडचा माणूस म्हणून लोक घाम गाळून कमावलेले पैसे तिथं ठेवायचे.

पण बँक तोट्यात होती. जुन्या लोकांचं व्याज नव्या लोकांच्या ठेवीतून दिलं जात होतं. शेवटी मालक पैसे घेऊन मेक्सिकोला पळाला आणि मजूर बुडाले.

पॉन्झीनं हे सगळं जवळून पाहिलं. दुसऱ्या कुणी यातून धडा घेतला असता. यानं पद्धत लक्षात ठेवली.

घरी पाठवलेलं पत्र

हाती पैसा नव्हता. पॉन्झीनं एका कंपनीच्या चेकवर खोटी सही करून ४२३ डॉलर ५८ सेंट उचलले आणि पकडला गेला. शिक्षा झाली तीन वर्षांची.

इटलीत आई वाट बघत होती. तिला काय कळवायचं? त्यानं पत्रात लिहिलं की आपल्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा सहायक म्हणून नोकरी लागली आहे.

आता बोईसरच्या त्या पोराकडं परत या. किटचे पैसे घरून आणलेत, कधी आईचा दागिना गहाण टाकून. पगार असा काही नाहीच. पण घरून फोन आला की काम छान चाललंय असंच सांगावं लागतं. लाजेपायी बोललेलं हे खोटं अशा स्कीमला फार उपयोगी पडतं. कारण घरचे गावात सांगतात की पोरगं लागलं कामाला. आणि शेजारचं पोरगंही बॅग भरतं.

सुटल्यावर पॉन्झी इटालियन लोकांना चोरून अमेरिकेत नेताना पुन्हा सापडला आणि आणखी दोन वर्षं आत गेला.

याच माणसाची दुसरी बाजूही आहे. पुढं अलाबामातल्या एका खाणवस्तीत असताना तिथली एक नर्स भाजली. तिला लावायला त्वचा हवी होती, कुणी पुढं येईना. पॉन्झीनं स्वतःच्या अंगाची कातडी काढून दिली आणि त्यासाठी बरेच दिवस दवाखान्यात काढले.

म्हणजे फसवणारा माणूस दिसायला खलनायक असतो असं काही नाही. तो अडीअडचणीला धावणारा, गोड बोलणाराही असू शकतो. माणूस चांगला आहे म्हणून त्याची स्कीम चांगली, हा हिशोब इथंच चुकतो.

एक कूपन आणि ४५ दिवस

१९१८ मध्ये पॉन्झीचं बोस्टनमध्ये रोझ नावाच्या मुलीशी लग्न झालं. पुढच्या वर्षी त्याला स्पेनहून एक पत्र आलं. सोबत उत्तरासाठी टपालाचं आंतरराष्ट्रीय कूपन होतं. हे कूपन एका देशात विकत घ्यायचं आणि दुसऱ्या देशात देऊन तिथली तिकिटं घ्यायची, अशी ती सोय होती.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीचं चलन घसरलं होतं. त्यामुळे तिकडं स्वस्तात कूपन घेऊन अमेरिकेत जास्त किमतीची तिकिटं मिळवता येतील, असं त्याच्या डोक्यात आलं. कागदावर हिशोब बरोबर होता. प्रत्यक्षात मोठा फायदा काढायला जहाजं भरून कूपनं लागली असती, आणि तिकिटांचे रोख पैसे कोण देणार हा प्रश्न वेगळाच.

पॉन्झीनं कूपनांचा धंदा केलाच नाही. त्यानं फक्त कूपनांची गोष्ट विकली.

बोस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर ऑफिस थाटलं आणि जाहीर केलं की ४५ दिवसांत ५० टक्के नफा आणि ९० दिवसांत पैसे दुप्पट. बँका तेव्हा वर्षाला ५ टक्केसुद्धा मुश्किलीनं देत होत्या.

जानेवारी १९२० मध्ये १८ जणांनी मिळून १८०० डॉलर भरले. त्यांचे पैसे ठरल्या दिवशी वाढून परत मिळाले. हे पैसे नंतर आलेल्या लोकांचे होते. पण घेणाऱ्याला ते कसं कळणार? तो आनंदानं शेजाऱ्याला सांगत सुटला. बऱ्याच जणांनी तर मिळालेले पैसे पुन्हा तिथंच ठेवले.

पॉन्झीनं एजंट नेमले आणि आणलेल्या रकमेवर १० टक्के कमिशन ठेवलं. आता इटालियन वस्तीतला न्हावी, किराणावाला, नातेवाईक असे सगळेच माणसं आणू लागले. पोलिसांनीही पैसे भरले. लोकांनी घरं गहाण टाकली. आठ महिन्यांत हजारो लोकांचे मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास जमा झाले. पॉन्झीनं लेक्सिंग्टनला बंगला घेतला, भारी गाडी घेतली आणि हॅनोव्हर ट्रस्ट नावाच्या बँकेचा ताबाही मिळवला.

एका साध्या प्रश्नानं खेळ उलगडला

जुलै १९२० मध्ये बोस्टन पोस्ट या वर्तमानपत्रानं क्लॅरन्स बॅरन या अर्थपत्रकाराला हिशोब तपासायला सांगितलं. बॅरननं दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, एवढा नफा द्यायला १६ कोटी कूपनं लागतील आणि प्रत्यक्षात चलनात आहेत सुमारे २७ हजार. दुसरी, पॉन्झी स्वतःचे पैसे स्वतःच्या स्कीममध्ये ठेवत नाही.

लोक पैसे मागायला धावले. पॉन्झीनं हसतमुखानं पैसे वाटले आणि रांगेतल्या लोकांना कॉफी-डोनट दिले. ते बघून काही लोक पैसे न घेताच परत गेले.

मग त्यानंच नेमलेल्या प्रसिद्धीप्रमुखानं पॉन्झी दिवाळखोर असल्याचं २ ऑगस्टला छापून आणलं. ११ ऑगस्टला मॉन्ट्रियलचा तुरुंगवास उघड झाला आणि १२ ऑगस्टला अटक झाली. या शोधाबद्दल पोस्टला १९२१ चं पुलित्झर मिळालं. लोकांना मात्र डॉलरमागे ४० सेंटही परत मिळाले नाहीत.

आपण लवकर शिरू आणि लवकर निघू, असं म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. ऑगस्टच्या त्या धावपळीत ज्यांनी आपले पैसे काढून घेतले होते, त्यांच्यावर खटले झाले. १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ते पैसे परत करायला लावले, कारण बुडालेले सगळेच सारखे.

पॉन्झी आत गेला, बाहेर आला आणि फ्लोरिडात दलदलीची जमीन प्लॉट म्हणून विकू लागला. पुन्हा तुरुंग. १९३४ मध्ये त्याला इटलीला हाकललं. रोझ अमेरिकेतच राहिली आणि पुढं तिनं घटस्फोट घेतला. तो शेवटी ब्राझीलला गेला. १८ जानेवारी १९४९ रोजी रिओच्या धर्मादाय दवाखान्यात तो वारला. डोळे अधू झालेले, अर्धं अंग लुळं पडलेलं. मागं राहिलेले पैसे अंत्यविधीपुरतेच होते.

मग चेन मार्केटिंग म्हणजे पॉन्झीच का?

थोडा फरक आहे. पॉन्झी स्कीममध्ये तुम्ही पैसे भरून बसायचं असतं, नवी माणसं मालक आणतो. पिरॅमिडमध्ये माणसं तुम्हाला आणावी लागतात. दोन्हीत एक गोष्ट तीच आहे. वरच्याचा पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येत नाही, खालून आत येणाऱ्याकडून येतो.

आता गणित करू. प्रत्येकानं फक्त सहा जण आणायचे म्हटलं, तर ६, ३६, २१६ असं वाढत नवव्या पायरीला १ कोटीहून जास्त माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख. आणि साखळी कुठंही तुटली तरी सहातले पाचजण सगळ्यात खालच्या पायरीवर असतात. ते मेहनतीत कमी पडले म्हणून नाही, त्यांच्या खाली कुणी उरलेलंच नसतं म्हणून.

हे फक्त बोस्टनमध्ये घडलं असंही नाही. २०२४ मध्ये दादर, मिरा रोड अशा ठिकाणी टोरेस नावाची दागिन्यांची दुकानं उघडली. खड्यांवर दर आठवड्याला परतावा आणि नवा माणूस आणला की बक्षीस. जानेवारी २०२५ मध्ये दुकानं बंद झाली आणि बाहेर रडणाऱ्या लोकांची गर्दी झाली. हे प्रकरण पुढं पोलीस आणि न्यायालयाकडे गेलं.

म्हणजे डायरेक्ट सेलिंग सगळंच खोटं?

नाही. घोलवडच्या चिकूचे चिप्स घरी करून एखादी ताई दारोदार विकते, तेही थेट विक्रीच. गिऱ्हाईक चिप्स खातं, पैसे देतं आणि विषय संपतो. त्यानं स्वतः विक्रेता व्हावं, ही तिची गरज नसते.

म्हणून अशा हॉलमध्ये बसलात तर एवढं तपासा :

- आधी पैसे मागतात का? केंद्र सरकारचे थेट विक्रीचे नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले. त्यानुसार कंपनीला सामील होण्याची फी घेता येत नाही. लेखी करार आणि न विकलेला माल परत घेण्याची सोय असावी लागते.
- कमाई कशावर आहे? विकलेल्या मालावर की आणलेल्या माणसावर? माणसावर असेल तर उठा.
- सदस्य नसलेला माणूस ही वस्तू या किमतीला घेईल का? बाजारातल्या दुकानात भाव विचारून बघा.
- नोकरी आहे की नाही? नोकरी असेल तर नेमणूकपत्र, ठरलेला पगार, पीएफ असतो. यातलं काही नसेल तर ती नोकरी नव्हे.
- मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का? आधार किंवा मार्कशीटची मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका.

आणखी एक. १९७८ च्या कायद्यानं पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर बंदी आहे. ही बंदी चालवणाऱ्यापुरती नाही. सदस्य होणं आणि भाग घेणं हाही त्यात गुन्हा आहे. म्हणजे पैसे वसूल करायला तुम्ही चार मित्र आणलेत, तर तुम्हीही अडकू शकता. पैसे गेले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

पॉन्झीला हजारो माणसं एकट्यानं गोळा करता आली नसती. ती आणली ओळखीच्या लोकांनी, आणि त्यातले बरेच जण मनापासून विश्वास ठेवून आणत होते. त्यामुळे उद्या मित्राचा फोन आला तर त्याच्यावर चिडू नका, कदाचित तोही घरी खोटं बोलून तिथं अडकला असेल. त्याला एवढंच विचारा की तुला गेल्या महिन्यात मिळालेले पैसे नक्की कुणाच्या खिशातून आले. उत्तर येत नसेल, तर तुम्ही जाण्यापेक्षा त्याला परत बोलवा.