चार्ल्स रायली : फळबागांचा मित्र

परसांतील लिंबावर कीड पडली म्हणजे झाडावर दिसेल तो किडा आपण मारून टाकतों. त्यांत शत्रु कोणता व मित्र कोणता, हें सहसा कोणी पाहत नाहीं. तें पाहावयास शिकविणाऱ्या एका गृहस्थाचें चरित्र आज आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा जन्म १८४३ सालीं लंडन येथें झाला. किडे निरखण्याचा व त्यांचीं चित्रें काढण्याचा त्यांस बाळपणापासून नाद होता. सतराव्या वर्षीं ते अमेरिकेस गेले व इलिनॉय प्रांतांत एका शेतावर राहिले. किडीनें शेतकऱ्याचें कसें नुकसान होतें, हें त्यांनीं तेथें प्रत्यक्ष पाहिलें. १८६८ सालीं मिझूरी प्रांतानें त्यांस आपले कीटकशास्त्रज्ञ नेमिलें, आणि पुढें वॉशिंग्टन येथील सरकारी शेतकी खात्यांत ते त्याच कामाचे प्रमुख झाले.

त्या काळीं कॅलिफोर्नियांतील संत्र्यांच्या बागांवर मोठें संकट ओढवलें होतें. कापसासारखें पांढरें आवरण असलेली एक खवले-कीड फांद्यांचा रस शोषून घेई. फवारे मारून बागाइतदार थकले. कित्येकांनीं झाडें उपटून जाळलीं. ही कीड ऑस्ट्रेलियांतून आलेली आहे, तेव्हां तिला खाणारा जीवही तेथेंच असला पाहिजे, असें रायली यांनीं ताडिलें. परंतु परदेशच्या प्रवासावर खर्च करण्यास त्यांच्या खात्यास कायद्यानें मनाई होती. म्हणून १८८८ सालीं मेलबर्न येथें भरलेल्या प्रदर्शनाच्या खर्चांतून त्यांनीं आपले साहाय्यक आल्बर्ट कोबेले यांस पाठविलें.

रायली यांची भिस्त एका बारीक माशीवर होती. परंतु खरें काम केलें तें कोबेले यांस ॲडिलेड येथें सांपडलेल्या लहानशा तांबड्या-काळ्या ढालकिड्यानें. पहिल्या तीन खेपांत असे १२९ किडे आले. लॉस एंजेलिस येथें तंबूनें झांकलेल्या एका संत्र्याच्या झाडावर ते सोडण्यांत आले. १८८९ च्या जूनपर्यंत त्यांची वाढ इतकी झाली कीं, १०,५५५ किडे २०८ बागाइतदारांस वांटले गेले. थोड्याच काळांत बागा सुधारल्या.

पुढें श्रेय कोणाचें, यावरून कटुता आली. रायली हे मानी स्वभावाचे होते, हें आम्ही लपवीत नाहीं. १८९५ सालीं दुचाकीवरून पडून वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पश्चात्, १९४६ च्या सुमारास, त्याच कॅलिफोर्नियांत डी.डी.टी. फवारल्यानें ढालकिडे मेले आणि दबलेली कीड पुन्हा उसळली. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, औषध हातीं घेण्यापूर्वीं पान उलटून पाहावें. ढालकिडा किंवा त्याची काळसर, खरबरीत अळी किडीमध्यें फिरत असेल, तर तिला मारूं नये. ती आपल्याच झाडाची राखण करीत असते.