संभाजी महाराजांवरचा ‘तो’ आरोप नेमका आला कुठून?

२०२१ मध्ये रिडली स्कॉट यांचा ‘द लास्ट ड्युएल’ हा सिनेमा आला. गोष्ट १३८६ च्या फ्रान्समधली. मार्गरिट नावाची सरदाराची बायको दुसऱ्या सरदारावर बलात्काराचा आरोप करते आणि सिनेमा एकच घटना तिघांच्या नजरेतून तीनदा दाखवतो. नवऱ्याच्या, आरोपीच्या आणि शेवटी तिच्या.

असाच एक आरोप मराठी इतिहासातही आहे. तो आहे छत्रपती संभाजी महाराजांवर. पण इथे एक मोठा फरक आहे. इथे बाजू मांडणारे भरपूर आहेत, फक्त तिची बाजू कुठेच नाही.

हा आरोप समजून घ्यायचा तर आधी महाराजांचं आयुष्य बघावं लागतं.

१४ मे १६५७ ला पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे असतानाच आई सईबाई गेल्या. कापूरहोळच्या धाराऊंनी दूध पाजलं, जिजाऊंनी वाढवलं. नवव्या वर्षी ते वडिलांसोबत आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात होते. तरुण वयात त्यांनी ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि संभाजीराजे युवराज झाले.

त्यानंतरची वर्षं मात्र गुंतागुंतीची आहेत. जिजाऊ गेल्या. गादीवर कोण बसणार यावरून घरात ताण वाढला. अण्णाजी दत्तोंसारख्या जुन्या कारभाऱ्यांशी युवराजांचं पटेना. आणि १६७८ च्या डिसेंबरमध्ये संभाजीराजे थेट दिलेरखानाला, म्हणजे मोगलांना जाऊन मिळाले. वर्षभरात ते परत आले, पन्हाळ्यावर वडिलांची भेटही झाली. पण प्रश्न उरलाच. स्वराज्याचा युवराज शत्रूकडे गेलाच का?

या प्रश्नाचं एक उत्तर म्हणून तो आरोप पुढे आला.

तो सगळ्यात ठळकपणे येतो मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत. कथा अशी की, हळदीकुंकवाला गडावर आलेल्या एका ब्राह्मण स्त्रीवर युवराजांनी अतिप्रसंग केला आणि त्यामुळे शिवाजी महाराज संतापले.

आता ही बखर कधी लिहिली गेली ते बघा. संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर साधारण १२२ वर्षांनी. म्हणजे घटना पाहिलेलं कुणीही तेव्हा जिवंत नव्हतं.

दुसरी गोष्ट आहे लिहिणाऱ्याच्या घराण्याची. १६८० ला शिवाजी महाराज गेल्यावर अण्णाजी दत्तो आणि इतरांनी राजारामांना गादीवर बसवलं. संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि जानेवारी १६८१ मध्ये स्वतःचा राज्याभिषेक केला. त्याच वर्षी त्यांच्याविरुद्धचा कट उघड झाला आणि अण्णाजींसह अनेकांना देहदंड मिळाला. त्यात बाळाजी आवजी चिटणीसही होते. मल्हार रामराव हे त्याच बाळाजींचे वंशज.

पण थांबा, चित्र इतकं सरळही नाही. बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे निष्ठेने स्वराज्याच्या सेवेत राहिले. त्यामुळे बखरकाराने केवळ सूड म्हणून लिहिलं, असं ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय संभाजी महाराज परस्त्रियांच्या मागे असत, असं निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासीही लिहितो. तो तर त्याच काळातला माणूस. फक्त तो मोगलांच्या आणि पोर्तुगिजांच्या गोटात वावरला आणि या दोघांशीही संभाजी महाराजांची लढाई चालू होती.

उलट बाजूला आहे सभासद बखर. राजारामांच्या काळात १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली, म्हणजे घटनेच्या कितीतरी जवळची. त्यात संभाजीराजे रुसून मोगलांकडे गेल्याचं येतं. हळदीकुंकवाची कथा येत नाही.

मग ही कथा इतकी पसरली कशी? सातारला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. त्यातही ब्राह्मणाच्या बायकोवर हात टाकल्याचा आणि म्हणून पन्हाळ्यावर कैदेत ठेवल्याचा उल्लेख आहे. साहेबाच्या पुस्तकात आलं म्हटल्यावर बखरीतल्या गोष्टीला इतिहासाचं वजन मिळालं.

पुढचं काम नाटक-सिनेमांनी केलं. आरोपातल्या बिननावाच्या स्त्रीला लोकांनी गोदावरी केलं. कुठे ती अण्णाजींची मुलगी झाली, कुठे सून. राम गणेश गडकरींच्या अपूर्ण ‘राजसंन्यास’मध्ये तुळसा आली. ‘थोरातांची कमळा’ हा सिनेमा १९४१ ला आला, पुन्हा १९६३ ला आला. तिथे तर अत्याचार गेला आणि प्रेमकथा झाली. एकाच माणसाभोवती नावं बदलत गेली, नाती बदलत गेली, पण व्यसनी आणि बाईलवेडा राजपुत्र ही प्रतिमा पक्की झाली.

ती पहिल्यांदा हलवली वा. सी. बेंद्रे यांनी. साधारण चाळीस वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये त्यांनी संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. दोघांनी मूळ साधनं तपासली आणि बदनामीच्या कथांना समकालीन आधार नाही, हे मांडलं. समोर आला तो मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्यांवर नऊ वर्षं लढलेला राजा. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी पकडला गेलेला, ११ मार्चला हालहाल करून मारला गेलेला.

आज वारं पूर्ण फिरलंय. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला, कारण ‘राजसंन्यास’. २०२५ मध्ये ‘छावा’ आला तेव्हा महाराज लेझीम खेळतात एवढ्या दृश्यावरही आक्षेप आला आणि ते काढावं लागलं. १४ मेला हिंगोलीपासून कोल्हापूरपर्यंत जयंतीचे स्टेटस लागतात आणि कमेंटमध्ये कुणीतरी तो जुना आरोप उकरतंच. मग शिव्या सुरू होतात.

शिव्यांपेक्षा तीन साधे प्रश्न जास्त कामाचे आहेत. हे कुणी लिहिलं? कधी लिहिलं? आणि लिहिणाऱ्याचा त्यात काय संबंध होता? या तीन प्रश्नांवर बखरीतली कथा टिकत नाही, म्हणून अभ्यासक ती मानत नाहीत. महाराज थोर होते म्हणून आरोप खोटा, हे उत्तर भक्तीचं झालं. पुरावा नाही म्हणून तो मानता येत नाही, हे उत्तर इतिहासाचं.

आणि तिचं काय? फ्रान्समधल्या मार्गरिटने काय सांगितलं, याची नोंद पॅरिसच्या न्यायालयाच्या कागदांत राहिली. म्हणून सहाशे वर्षांनी तिच्या नजरेतून सिनेमा निघू शकला. आपल्याकडे गोदावरी, तुळसा, कमळा ही सगळी नावं दुसऱ्यांनी ठेवलेली. कधी राजाला बदनाम करायला, कधी नाटक रंगवायला. अशी कुणी बाई खरोखर होती असं सांगणारा त्या काळातला एकही भक्कम कागद समोर आलेला नाही. तरी दोनशे वर्षं तिच्या नावावर भांडण चालू आहे.