क्रमाची किंमत ओळखणारा गणितज्ञ

आलेखावर (३, ५) आणि (५, ३) हे दोन वेगळे बिंदू असतात. संख्या त्याच, पण क्रम बदलला की जागा बदलते. अशा क्रमित संख्यासमूहांवर नवे बीजगणित उभारणारे गणितज्ञ म्हणजे सर विल्यम रोवन हॅमिल्टन (१८०५-१८६५).

डब्लिनमध्ये जन्मलेल्या हॅमिल्टन यांचे बालपण ट्रिम येथे काकांकडे गेले. तिथे लहान वयातच ते अनेक भाषा शिकले. १८२७ मध्ये, पदवी हाती पडण्यापूर्वीच, ट्रिनिटी कॉलेजने त्यांना खगोलशास्त्राचे प्राध्यापक नेमले.

त्या काळी −१चे वर्गमूळ अनेकांना गूढ वाटे. हॅमिल्टन यांनी १८३३ मध्ये संमिश्र संख्या म्हणजे वास्तव संख्यांची क्रमित जोडी, अशी मांडणी केली. (अ, ब) आणि (क, ड) यांचा गुणाकार (अक − बड, अड + बक) असा घेतला, की (०, १)चा वर्ग (−१, ०) येतो. गूढ संपले!

जोडीने प्रतल हाताळता येते, मग त्रिमितीसाठी त्रयी का नको? त्रयींची बेरीज सोपी होती, गुणाकार मात्र वर्षानुवर्षे जमेना. मुलेही न्याहारीच्या वेळी त्याबद्दल विचारत आणि वडिलांना नकारार्थी मान हलवावी लागे.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसह रॉयल कालव्याकाठी चालताना उत्तर सुचले: तीन नव्हे, चार संख्या हव्यात. जवळच्या ब्रूम पुलाच्या दगडावर त्यांनी चाकूने सूत्र कोरले. या चौकडीला त्यांनी ‘क्वाटर्निअन’ नाव दिले. मात्र त्यासाठी एका जुन्या नियमावर पाणी सोडावे लागले. इथे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तरही बदलू शकते.

हे विचित्र वाटेल, पण एखादे पुस्तक हातात घेऊन पाहा. ते आधी आपल्याकडे पाव फेरा कलते करून मग उजवीकडे पाव फेरा वळवा. नंतर पुन्हा मूळ स्थितीत आणून हाच क्रम उलटा करा. शेवटची स्थिती वेगळी येते. त्रिमितीतील फिरण्याचा हाच स्वभाव क्वाटर्निअनमध्ये उतरला आहे.

पुढे सदिशांची सुटसुटीत पद्धत आली आणि क्वाटर्निअन मागे पडले. आज मात्र अवकाशयानाची दिशा ठरवताना आणि संगणकीय खेळांतील आकृत्या फिरवताना तेच वापरतात. पुलावरचे मूळ कोरीवकाम पुसले गेले. तिथे आता स्मृतिफलक आहे.