गरुडचिन्हाचा उपेक्षित मानकरी

छत्रीधारी सैनिकाच्या छातीवरील बिल्ला वशिल्याने मिळत नाही आणि हुद्द्यानेही मिळत नाही. शिपाई असो वा सेनापती, धावत्या विमानातून स्वतःला खाली झोकून दिल्याखेरीज तो कुणाच्याही गणवेशावर चढत नाही. पोलंडचे जनरल स्तानिस्वाव सोसाबोव्स्की यांनी हा मान पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळवला. त्याच बिल्ल्याशी जोडलेली त्यांची प्रतिज्ञा मात्र अखेरपर्यंत अपुरीच राहिली.

सोसाबोव्स्की यांचा जन्म ८ मे १८९२ रोजी, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात असलेल्या स्तानिस्वावूफ या गावी एका रेल्वे कामगाराच्या घरी झाला. आज हे गाव युक्रेनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यातून लढले आणि स्वतंत्र पोलंडच्या स्थापनेनंतर मायदेशाच्या सेनेत अधिकारी झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा वॉर्साला भिडल्या, तेव्हा शहराच्या रक्षणासाठी लढणाऱ्या एकविसाव्या पायदळ रेजिमेंटचे ते प्रमुख होते. शहर पडल्यावर ते शत्रूच्या हातून निसटले आणि हंगेरीमार्गे फ्रान्सला पोहोचले. १९४० मध्ये फ्रान्सही कोसळला आणि त्यांनी ब्रिटन गाठले.

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात त्यांच्या हाती थोडे सैनिक आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकारी आले. या विस्थापितांमधून छत्रीसेना उभी करण्याचे त्यांनी मनावर घेतले. मायदेशी परतण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आकाशातून जातो, हा त्यामागचा साधा हिशेब होता. लार्गो हाऊस या जुन्या वाड्याच्या आवारात झाडांना दोर, झोके आणि शिड्या बांधून कसरतींचा तळ तयार झाला. सैनिकांनी त्याला माकडांचे रान असे नाव दिले. तिथे शरीर तयार झाले की उंच मनोऱ्यावरून उतरण्याचा सराव होई. त्यानंतर मँचेस्टरजवळच्या रिंगवे तळावर खरी परीक्षा घेतली जाई. आधी बलूनला टांगलेल्या पाळण्यातून आणि मग व्हिटली विमानाच्या तळाला पाडलेल्या भोकातून उडी मारायची असे. उडी जरा चुकली, तर समोरच्या कडेवर तोंड आपटे. आपल्या जवानांना जे करायला लावायचे ते आधी स्वतः करायचे, या बाण्याने सोसाबोव्स्की यांनीही या उड्या मारल्या.

या परीक्षेचे बक्षीस म्हणजे जून १९४१ मध्ये मुक्रर झालेले गरुडचिन्ह. भक्ष्यावर झेपावणारा हा चांदीच्या रंगाचा गरुड मारियान वालेन्तिनोविच या चित्रकाराने रेखाटला होता. मुलांसाठीच्या चित्रकथांमुळे त्याचे नाव पोलंडमध्ये घरोघरी पोहोचलेले होते. बिल्ल्याच्या मागच्या बाजूला, हे मातृभूमी, तुझ्यासाठी, अशा अर्थाचे शब्द कोरलेले असत. प्रत्यक्ष लढाईत उडी घेणाऱ्याच्या गरुडाला सोनेरी पर्णचक्राची जोड मिळे. २३ सप्टेंबर १९४१ रोजी पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी या दलाला पहिली स्वतंत्र छत्रीधारी ब्रिगेड असे नाव दिले. पोलंडमध्ये उठाव होईल तेव्हा ही ब्रिगेड तिथे उतरेल, असे ठरले होते.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सात उठाव झाला. परंतु तोपर्यंत ब्रिगेड ब्रिटिशांच्या हुकमतीखाली गेली होती आणि इतक्या दूर तिला उतरवण्यास दोस्त सेनानी राजी नव्हते. वॉर्सा जळत असताना पोलिश छत्रीधारी इंग्लंडमधल्या तळांवर हातावर हात ठेवून बसले. त्याच उठावात सोसाबोव्स्की यांच्या मुलाची दृष्टी कायमची गेली.

मातृभूमीसाठी घडवलेली ही फौज अखेर हॉलंडमध्ये उतरवण्यात आली. आर्नहेमचा पूल काबीज करण्याच्या बेतातील धोके सोसाबोव्स्की यांनी आधीच स्पष्टपणे मांडले होते. ते ब्रिटिश वरिष्ठांना रुचले नाही. खराब हवेमुळे दोन दिवस उशीर होऊन २१ सप्टेंबर रोजी सुमारे हजार जवान ड्रील गावाजवळ उतरले. नदीपलीकडे ब्रिटिश तुकडी कोंडली गेली होती, पण पैलतीरी नेणारी तराफ उरली नव्हती. दोन रात्री रबरी होड्यांतून, शत्रूच्या गोळीबारात, जेमतेम दोनशे जण पलीकडे पोहोचले. २५ तारखेच्या रात्री माघार सुरू झाली.

अपयशाला धनी हवा होता. माँटगोमेरी यांनी पोलिश सैनिकांच्या लढाऊपणावर ठपका ठेवला, तर ब्राउनिंग यांनी सोसाबोव्स्की यांना हटवण्याची मागणी केली. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांच्याकडून ब्रिगेड काढून घेण्यात आली.

युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीखालच्या पोलंडमध्ये परतणे त्यांना शक्य नव्हते. लंडनमधल्या विद्युत उपकरणांच्या एका कारखान्यात साधा कामगार म्हणून ते उतारवयापर्यंत राबले. आपल्या शेजारी काम करणारा म्हातारा कोण आहे, याची सोबत्यांपैकी बहुतेकांना कल्पनाही नव्हती. आर्नहेमच्या माघारीला २३ वर्षे पूर्ण होत असताना, २५ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी लंडनमध्ये देह ठेवला. दोन वर्षांनी त्यांच्या अस्थी वॉर्सातल्या पोवोंझकी दफनभूमीत विसावल्या.

न्याय मिळायला २००६ साल उजाडले. त्या वर्षी ३१ मे रोजी हॉलंडच्या राणी बिआट्रिक्स यांनी ब्रिगेडला देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला आणि सोसाबोव्स्की यांना मरणोत्तर ब्राँझ सिंह पदक जाहीर झाले. ड्रील येथे त्यांचे स्मारकही त्याच वर्षी उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला तो आर्नहेमला लढलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनीच. सेनापतींनी नाकारलेला मान सोबत लढलेल्यांनी दिला. पोलंडची सहावी हवाई ब्रिगेड आज सोसाबोव्स्की यांचेच नाव लावते.