सरफोजीराजे आणि करुप्पूरची वस्त्रे

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावूर हे शहर महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर आहे. तरीही तेथील राजवाड्याच्या परिसरात मराठी भाषा दीर्घकाळ नांदली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. याच घराण्यात दुसरे सरफोजीराजे होऊन गेले.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ साली झाला. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु त्याच वर्षी तुळजाराजे निवर्तले आणि गादी त्यांचे बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली. पोरक्या सरफोजींच्या शिक्षणाची काळजी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाहिली. पुढे सुरक्षिततेसाठी त्यांना मद्रासला नेण्यात आले. १७९८ साली त्यांना गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला, त्याच्या भोवतीचा थोडा प्रदेश आणि ठरावीक उत्पन्न एवढेच उरले.

सत्ता गेली म्हणून ते खचले नाहीत. सरस्वती महाल या राजवाड्यातील ग्रंथालयात त्यांनी देशोदेशींचे ग्रंथ व हस्तलिखिते जमवली. धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालवला. १८०५ साली देवनागरी अक्षरांचा छापखाना उभारला आणि त्यावर इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून घेतले.

त्यांच्या दरबाराच्या आश्रयाने आणखी एक विद्या बहरली. ती कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर या गावातील विणकर व रंगारी यांची होती. हे कारागीर राजघराण्यासाठी तलम सुती साड्या, धोतरे व पागोट्यांची वस्त्रे तयार करीत. सुतात जरीची नक्षी विणली जाई. मग विणून झालेल्या कापडावर मेणाने नक्षी रेखून ते रंगवले जाई. गडद तांबड्या रंगाआडून सोन्याची झाक दिसणे, हे या वस्त्रांचे वैशिष्ट्य होते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. रेशीम व लोकर हे प्राणिज तंतू रंग सहज धरतात. कापूस हा वनस्पतिजन्य तंतू आहे. त्यावर पुष्कळसे वनस्पतिजन्य रंग नुसते वरवर बसतात आणि धुतल्यावर निघून जातात. म्हणून रंगारी कापडाला आधी हिरड्याचे व तुरटीचे पाणी देत. तुरटीतील धातूचा अंश एका बाजूने सुताला व दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतो. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. मग सायवेर नावाच्या वनस्पतीच्या मुळांच्या पाण्यात कापड उकळले, की तांबडा रंग पक्का होई. तुरटीऐवजी लोहाचे पाणी व हिरडा यांचा संयोग झाला, तर काळा रंग उमटे. मेण लावलेल्या जागी रंग पोचत नसे. जर धातूची असल्याने ती रंग शोषत नसे आणि तिची चमक कायम राही. सूत, मेण व जर यांचे हे निरनिराळे गुण ओळखूनच कारागीर एका वस्त्रात नक्षी साधत.

१८३२ साली सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने हे संस्थान संपुष्टात आणले. दरबार गेला, त्याबरोबर करुप्पूरच्या वस्त्रांचे गिऱ्हाईकही गेले. एवढ्या श्रमाचे वस्त्र विकत घेणारा दुसरा कोणी उरला नाही. १८६८ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञांनी अलिझरीन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला. सायवेरच्या मुळांत रंग देणारे द्रव्य तेच होते. पुढे कारखान्यातील स्वस्त रंग बाजारात आले आणि मुळांच्या रंगाचे महत्त्व ओसरले.

सरस्वती महाल १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला व त्यातील ग्रंथ आजही वाचले जातात. करुप्पूरची जुनी वस्त्रेही भारतातील व लंडनमधील संग्रहालयांत जपलेली आहेत. मात्र ती घडवणाऱ्या हातांची परंपरा एकोणिसाव्या शतकातच खंडित झाली. ग्रंथ कपाटात जतन करता येतो. हातातली कला मात्र काम मिळत राहिले तरच जिवंत राहते. सरफोजीराजांनी आपल्या अल्प साधनांतून विद्येला आश्रय दिला, तसा कारागिरांनाही आधार दिला. त्यांच्या कार्याचे मोल ठरवताना ग्रंथालयाबरोबर करुप्पूरच्या मागांचीही आठवण ठेवली पाहिजे.