अल्बर्ट सेंट-ग्योर्गी: मिरचीतून क जीवनसत्त्व काढणारा शास्त्रज्ञ

बटाटा चिरून ठेवला की थोड्याच वेळात काळा पडतो, म्हणून तो पाण्यात टाकायचा. लिंबू कापून ठेवलं तर असं काळवंडत नाही. हे का होतं, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या मागे १९२० च्या दशकात एक हंगेरियन डॉक्टर लागला आणि क जीवनसत्त्वापर्यंत जाऊन पोहोचला. त्यांचं नाव अल्बर्ट सेंट-ग्योर्गी. आज ग्रीन टीच्या पाकिटापासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत सगळीकडे जो 'अँटिऑक्सिडंट' शब्द छापलेला असतो, त्यामागच्या विज्ञानात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे.

सेंट-ग्योर्गींचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ चा, बुडापेस्टमधला. आईच्या माहेरी पिढ्यानपिढ्या शास्त्रज्ञ. मामा मिहाय लेनहोसेक नावाजलेले शरीररचनाशास्त्रज्ञ होते आणि लहानपणी अभ्यासात यथातथा असलेल्या या भाच्याकडून त्यांना फारशी आशा नव्हती. पुढे भाच्याने वैद्यकीय शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा मामांनी त्याला पहिला विषय दिला गुदद्वाराच्या अस्तराचा. कारण मामांना स्वतःला मूळव्याधीचा त्रास होता!

मग पहिलं महायुद्ध आलं. आघाडीवर डॉक्टरी मदतीचं काम करताना त्यांना त्या कत्तलीचा इतका वीट आला की १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, ती शत्रूची असल्याचं सांगितलं आणि घरी परतले. १९१७ मध्ये डॉक्टर झाले. युद्धानंतर प्राग, बर्लिन, हॅम्बर्ग, लायडन अशी भटकंती करत ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला आले. बटाट्याचा प्रश्न इथला.

वनस्पतींच्या रसात पेरॉक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. त्यात पेरॉक्साइड आणि बेंझिडिन हे रसायन टाकलं की क्षणात गडद निळा रंग येतो. शुद्ध केलेलं विकर वापरलं तर हा रंग लगेच येई. वनस्पतीचा नुसता पिळलेला रस वापरला, तर मात्र सुमारे एक सेकंद उशीर होई. दुसऱ्या कुणी हा सेकंद सोडून दिला असता. सेंट-ग्योर्गींनी त्याचा अर्थ असा लावला की रसात असं काहीतरी आहे, जे ऑक्सिडेशन झालेल्या रंगद्रव्याला पुन्हा मूळ रूपात आणतं, आणि ते संपेपर्यंत निळा रंग दिसत नाही. तसंच काहीतरी त्यांना प्राण्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही सापडलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी निकामी झाली की माणसाची कातडी काळपट तांबूस होते, आणि त्यांच्या डोक्यात तो रंग चिरलेल्या बटाट्याशी जोडला गेला होता.

ग्रोनिंगेनमध्ये त्यांना आधार देणारे प्राध्यापक वारले आणि दिवस फिरले. काम सुटलं, पत्नी आणि मुलीला बुडापेस्टला पाठवून द्यावं लागलं. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेत ते जवळजवळ निरोप घेतल्यासारखे गेले. तिथे केंब्रिजचे फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी भाषणात त्यांच्या कामाचा उल्लेख केला. भाषणानंतर सेंट-ग्योर्गींनी त्यांची गाठ घेतली आणि केंब्रिजचा रस्ता उघडला.

केंब्रिजमध्ये तो पदार्थ स्फटिकरूपात हाती आला. तो साखरेच्या जातीचा, पण नेमका काय हे ठाऊक नाही. म्हणून त्यांनी लॅटिनमधल्या 'माहीत नाही' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'इग्नोज' म्हटलं. संपादकांना हा विनोद रुचला नाही. मग त्यांनी 'गॉडनोज', म्हणजे 'देव जाणे', असं सुचवलं! तेही नाकारलं गेलं आणि 'हेक्झुरॉनिक आम्ल' हे रुक्ष नाव पडलं.

पुढे हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळालं. १९३१ मध्ये तिथे जोसेफ स्वरबेली हा तरुण आला. तो अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग यांच्या प्रयोगशाळेत क जीवनसत्त्वावर काम करून आला होता आणि गिनीपिगवर त्याची चाचणी कशी घ्यायची हे त्याला येत होतं.

इथे प्राण्याची निवड फार महत्त्वाची होती. उंदीर, कुत्रा, बकरी हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, त्यांना स्कर्व्ही होत नाही. माणूस आणि गिनीपिग यांच्याकडे त्या साखळीतलं शेवटचं विकर नाही. म्हणून माणसाच्या या आजाराचा प्रश्न गिनीपिगलाच विचारता येतो. स्वरबेलीने गिनीपिगना क जीवनसत्त्व नसलेला आहार दिला आणि त्यांतल्या काहींना रोज १ मिलिग्रॅम हेक्झुरॉनिक आम्ल. ते मिळालेले प्राणी धडधाकट राहिले, बाकीचे स्कर्व्हीने मेले. म्हणजे 'देव जाणे' हेच क जीवनसत्त्व होतं. एप्रिल १९३२ मध्ये किंग यांनी हाच निष्कर्ष सुमारे दोन आठवडे आधी छापला आणि शोध कुणाचा यावरून वाद पेटला. नोबेलमध्ये किंग यांचं नाव आलं नाही.

आता अडचण मालाची होती. ग्रंथींतून निघणारा पदार्थ अगदी थोडा, आणि लिंबाच्या रसातल्या साखरेतून तो वेगळा करणं कटकटीचं. सेगेड हा पॅप्रिकाचा, म्हणजे हंगेरियन मिरचीचा मुलूख. एके रात्री पत्नीने जेवणात ताजी मिरची वाढली. सेंट-ग्योर्गींना ती खायची नव्हती, तेव्हा त्यांनी ती प्रयोगशाळेत नेली. मध्यरात्रीपर्यंत कळलं की हा खजिना आहे. मिरचीचा हंगाम संपण्याआधी त्यांनी अर्ध्या किलोहून जास्त आणि पुढच्या वर्षी तीन किलोंहून जास्त शुद्ध स्फटिक काढले. ते त्यांनी इतर संशोधकांना वाटून टाकले. बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थ यांनी त्यावरून रेणूची रचना उलगडली. दोघांनी मिळून नवं नाव ठेवलं: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्हीला दूर ठेवणारं. १९३७ मध्ये सेंट-ग्योर्गींना वैद्यकाचं नोबेल मिळालं, तर हॉवर्थ त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

इथवरची गोष्ट बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. तिच्यातला कमी सांगितला जाणारा भाग पुढे आहे. रक्तस्रावाच्या आजाराने बेजार झालेल्या एका ऑस्ट्रियन सहकाऱ्याने त्यांच्याकडे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल मागितलं. पुरेसे स्फटिक नव्हते, म्हणून त्यांनी मिरचीचा अर्धवट शुद्ध अर्क पाठवला. रोगी बरा झाला. नंतर त्यांनी मित्र इश्तवान रुझनियाक यांच्यासह शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल देऊन पाहिलं, तर काहीच गुण आला नाही. मग अर्कातल्या 'घाणीत' काय होतं? त्यांना त्यात आणि लिंबाच्या रसात फ्लेव्होनॉइड हे वनस्पतींमधले पदार्थ सापडले. ते केशवाहिन्या मजबूत करतात असं मानून १९३६ मध्ये त्यांनी त्यांना 'पी जीवनसत्त्व' जाहीर केलं.

पण गिनीपिगनी या वेळी साथ दिली नाही. पहिल्या प्रयोगांतला परिणाम पुढे तसाच मिळेना, खुद्द त्यांच्याच प्रयोगशाळेतही. आहारात क जीवनसत्त्वाचा थोडासा अंश असेल तरच फरक दिसतो, असं त्यांना म्हणावं लागलं. जीवनसत्त्व म्हणायचं तर ते न मिळाल्याने ठरावीक आजार व्हायला हवा, आणि तसा आजार दाखवता आला नाही. १९५० च्या सुमारास 'पी' हे नाव शास्त्रीय यादीतून गेलं. पदार्थ मात्र गेले नाहीत. क्वेर्सेटिन, हेस्परिडिन, रुटिन यांच्यावर आजही शेकडो प्रयोगशाळा काम करतात: उंदराच्या पंज्याला सूज आणायची, अर्क द्यायचा, मग सूज किती उतरली आणि पेशींतल्या मेदाचं ऑक्सिडेशन किती झालं ते मोजायचं. यातल्या 'गुणकारी' निकालांच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं की उंदीर आपलं क जीवनसत्त्व आपणच बनवतो.

सेंट-ग्योर्गी मग स्नायूंकडे वळले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सेगेडमध्ये इलोना बांगा आणि ब्रूनो स्ट्राउब यांच्यासोबत त्यांनी अ‍ॅक्टिन व मायोसिन ही प्रथिने आणि एटीपी मिळून स्नायू कसा आकसतो, हे दाखवलं. अनेकांच्या मते हे काम नोबेलच्या कामाहून मोठं आहे. ते होत असतानाच १९४३ मध्ये ते व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला जाऊन दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्याला गुपचूप भेटले. जर्मनांना सुगावा लागला आणि युद्ध संपेपर्यंत त्यांना लपून राहावं लागलं.

१९४७ मध्ये ते अमेरिकेत वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी गेले. पत्नी आणि मुलगी दोघी कर्करोगाने गेल्या. उरलेली वर्षं त्यांनी कर्करोगात आणि मुक्त मूलकांत घातली. इलेक्ट्रॉनच्या देवघेवीत रोगाचं मूळ शोधणाऱ्या त्यांच्या कल्पना बऱ्याच शास्त्रज्ञांना पटल्या नाहीत आणि सरकारी पैसा मिळेना, तरी ते थांबले नाहीत. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वुड्स होलमध्येच त्यांचं निधन झालं. सेगेड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेला आज त्यांचं नाव आहे.