विश्लेषण : स्वमग्नतेचे निदान इतके का वाढले? लिओ कॅनर यांची व्याख्या कशी रुंदावत गेली?

अमेरिकेतील निवडक भागांत २०२२मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे आढळले. २०००मध्ये हे प्रमाण १५० मुलांमागे एक होते. मग स्वमग्नता खरोखरच वाढते आहे का? उत्तरासाठी डॉ. लिओ कॅनर यांच्यापर्यंत मागे जावे लागते.

कोण होते कॅनर?

१८९४मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीतील, म्हणजे आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिनमध्ये डॉक्टर झाल्यावर १९२४मध्ये ते अमेरिकेत गेले. १९३०मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी बालमानसोपचार विभाग सुरू केला.

अकरा मुलांत काय दिसले?

१९३८मध्ये मिसिसिपीतील पाच वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. त्याआधी वडिलांनी ३३ पानी पत्र पाठवले होते. मुलगा माणसांत रमत नसे, वस्तू गरगर फिरवण्यात गुंगून जाई. अशा आठ मुलग्यांच्या आणि तीन मुलींच्या नोंदी कॅनर यांनी १९४३मध्ये प्रसिद्ध केल्या. आपल्यातच राहणे आणि रोजच्या क्रमात जराही बदल न खपणे, ही त्यांच्या मते मुख्य लक्षणे होती.

पालकांवर ठपका का आला?

ही अवस्था जन्मजात असल्याचे कॅनर यांनी तेव्हाच लिहिले होते. मात्र, बहुतेक पालक कोरडे असल्याचेही नोंदवले. पुढे त्यांनी आणि इतर तज्ज्ञांनी यावरच भर दिला आणि असंख्य आयांनी विनाकारण अपराधीपण सोसले. १९६९मध्ये पालकांच्या मेळाव्यात कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

मग आकडे का फुगले?

कॅनर यांची चौकट अरुंद होती. इतर डॉक्टर हे निदान सरसकट करतात, अशी त्यांची तक्रार असे. १९६६च्या इंग्लंडमधील पाहणीत दर दहा हजार मुलांमागे जेमतेम साडेचार मुले आढळली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८०मध्ये स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी कॅनर यांचे निधन झाले. त्यानंतर १९८७मध्ये निकष सैलावले, १९९४मध्ये अॅस्पर्गर विकाराची भर पडली आणि २०१३मध्ये हे सारे ‘स्वमग्नता वर्णपट’ या एकाच नावाखाली आले.

पूर्वी मतिमंद किंवा नुसता विक्षिप्त म्हणून सोडून दिलेला मुलगा आता या गणनेत येतो. शिवाय लहान वयातच तपासणी होते, पालक-शिक्षकही सजग झाले आहेत. वाढीचा मोठा भाग यातूनच आला आहे. त्यामुळे १९६६ आणि २०२२चे आकडे शेजारी ठेवून ‘साथ’ आल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही वेळी मोजले ते वेगळेच होते.